कमांड लाइनवरून टाकलेला जॉब जुन्या तारखेने का चालला?

अंबडची रात्रपाळी (प्रश्न)

नमस्कार. नाशिकला अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एका लहान कंपनीत मी परदेशी विमा व्यवसायाच्या मेनफ्रेमवरील (मोठ्या केंद्रीय संगणकावरील) रात्रीचे बॅच, म्हणजे रांगेत टाकून चालवायची कामे (जॉब), सांभाळते. या कामात मला जेमतेम आठ महिने झाले आहेत, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्यावे.

गेल्या आठवड्यात महिनाअखेरीच्या अहवालाच्या जेसीएलमध्ये (जॉब कसा चालवायचा ते सांगणाऱ्या मजकुरात) पार्ममधील, म्हणजे प्रोग्रामला दिल्या जाणाऱ्या मूल्यातील, तारीख बदलायची होती. मी तो मेंबर (लायब्ररीतील एक फाइल) आयएसपीएफ या मेनफ्रेमवरील प्रोग्रामच्या एडिटरमध्ये उघडला, तारीख बदलली, वरच्या कमांडच्या ओळीवर 'सब' (जॉब सबमिट करण्याची आज्ञा) लिहून एंटर दाबले आणि अहवाल नव्या तारखेने अगदी बरोबर आला. पाऊण तासाने वीज गेली. इन्व्हर्टरने संगणक तगवला, पण राउटर त्यावर जोडलेलाच नसल्यामुळे सेशन तुटले. पुन्हा लॉगऑन करून मेंबर उघडायला गेले, तेव्हा अर्धवट राहिलेले एडिट परत आणायचे का, असे विचारणारा पडदा आला. जॉब तर चालून गेला आहे, आता परत काय आणायचे, असा विचार करून मी तो रद्द केला.

पहाटे त्याच अहवालाची आणखी एक प्रत मागण्यात आली, म्हणून या वेळी एडिटर न उघडता कमांड लाइनवर 'टीएसओ सबमिट' (टीएसओ ही मेनफ्रेमला थेट आज्ञा देण्याची सोय) लिहून पुढे अवतरणचिन्हांत मेंबरचे पूर्ण नाव दिले. जॉब सबमिट झाल्याचा संदेश क्रमांकासह आला, शेवटी मॅक्ससीसी (जॉबचा सर्वात मोठा परत येणारा कोड; शून्य म्हणजे सर्व ठीक) शून्य आला, आणि अहवालावर तारीख मात्र मागच्या महिन्याची होती. ती प्रत तशीच ग्राहकाकडे गेली आणि तेव्हापासून मी स्पष्टीकरणेच लिहीत आहे. मेंबर तोच, लायब्ररी तीच, मग मजकूर वेगळा कसा गेला?

जाता जाता आणखी दोन शंका विचारते. अवतरणचिन्हे न देता सबमिट केले की डेटासेट (मेनफ्रेमवरील फाइल) कॅटलॉगमध्ये, म्हणजे फाइलींच्या यादीत, नाही असा संदेश येतो आणि त्यातील नावाच्या सुरुवातीला माझाच युजर आयडी दिसतो, तो कुठून येतो? आणि सॉर्ट, मर्ज व छपाई असे तीन जॉब मी एकामागोमाग सबमिट केले असता छपाईचा जॉब मर्जच्या आधी का चालला?

सातपूरकर

ताई, मेंबर तोच होता हे खरे, पण आज्ञा एक नव्हती. एडिटरमधील सब आणि टीएसओचे सबमिट ही दिसायला सारखी पण निराळी प्रकरणे आहेत. एडिटरमध्ये दिलेले सब ही एडिटरची स्वतःची आज्ञा असते आणि त्या क्षणी एडिटरपाशी जो मजकूर असेल तो, सेव्ह झालेला असो वा नसो, ती जेसच्या (जॉब घेऊन रांगेत लावणाऱ्या प्रणालीच्या) हवाली करते. 'टीएसओ' हा शब्द पुढे लावून दिलेले सबमिट मात्र एडिटरकडे पाहतसुद्धा नाही. ते थेट डिस्कवरचा मेंबर वाचते. आपण तारीख बदललीत, सब दिलेत, पण सेव्ह केलेच नाहीत, आणि तो पडदा रद्द केल्याबरोबर बदललेल्या तारखेची शेवटची प्रतही गेली. पहाटेच्या जॉबने डिस्कवर जे होते तेच इमानेइतबारे चालवले. मॅक्ससीसी शून्य आला यातही काही नवल नाही, कारण मागच्या महिन्याचा अहवाल काढणे ही प्रोग्रामच्या दृष्टीने चूक नव्हतीच.

आमच्या टीममध्ये यावर एक साधी सवय लावून घेतली आहे. कमांडच्या ओळीवर नुसते सब न लिहिता 'सेव्ह;सब' असे अर्धविराम घालून लिहितो. आयएसपीएफ अर्धविरामाने तोडलेल्या आज्ञा ओळीने चालवते, त्यामुळे मजकूर आधी डिस्कवर जातो आणि मगच जॉब सुटतो.

आपल्या कामाची खरी गोष्ट मात्र पुढे आहे. प्रत्यक्षात कोणता जेसीएल चालला हे लायब्ररीत पाहून कधीच कळत नाही, ते स्पूलमध्ये (जॉब व त्याचे आउटपुट जिथे साठते तिथे) पाहावे लागते. एसडीएसएफमध्ये (स्पूल पाहण्याच्या साधनात) त्या जॉबपुढे प्रश्नचिन्ह दिले की जेसजेसीएल नावाचा भाग वेगळा दिसतो. दोन्ही जॉबचे ते भाग शेजारी शेजारी उघडा, पार्मच्या ओळीतील फरक लगेच दिसेल. शिवाय पहिल्या जॉबचे आउटपुट अजून पर्ज, म्हणजे पुसले गेले, नसेल, तर त्याच्यापुढे 'एसजे' लिहून पाहा. त्या जॉबबरोबर गेलेला मूळ जेसीएल एडिटरमध्ये उघडतो आणि तो आपल्या लायब्ररीत नव्या मेंबरच्या नावाने उतरवून घेता येतो. स्पष्टीकरणाला जोडायला याहून चांगला पुरावा मिळणार नाही. तुमच्याकडे स्पूल किती दिवसांनी साफ होतो हे आधी विचारून घ्या.

अवतरणचिन्हांचे उत्तर थोडक्यात देतो. चिन्हे नसली की टीएसओ ते नाव अपुरे आहे असे धरते आणि तुमच्या प्रोफाइलमधील प्रिफिक्स, जो बहुधा युजर आयडीच असतो, पुढे जोडते. सबमिटच्या बाबतीत नावाचा शेवटचा भाग म्हणून सीएनटीएल सुद्धा गृहीत धरला जातो. सामाईक लायब्ररीचे नाव म्हणून नेहमी एकेरी अवतरणचिन्हांत पूर्ण द्यावे.

नाशिकरोडचे आजोबा

सातपूरकरांनी सांगितलेले सर्व बरोबर आहे. तिसऱ्या शंकेला त्यांनी हात घातला नाही, म्हणून मी लिहितो. मी निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, परंतु ज्या गोष्टीची ही शंका आहे ती त्यानंतर फारशी बदललेली नाही.

मुंबईला नोकरीला होतो तेव्हा जॉब सबमिट करणे याचा अर्थ भोके पाडलेल्या पत्त्यांचा (पंच कार्डांचा) गठ्ठा खिडकीतून ऑपरेटरच्या हातात देणे एवढाच होता. गठ्ठा दिला, चिठ्ठी घेतली, आणि चहाला गेलो. तो केव्हा वाचला जाईल, केव्हा चालेल, हे आपल्या हाती नसे. आज कमांड लाइनवरून सबमिट देता तेव्हाही नेमके तेवढेच होते. फक्त खिडकीच्या जागी इंटर्नल रीडर (जेसची जॉब आत घेण्याची वाट) आहे आणि चिठ्ठीच्या जागी जॉब क्रमांक. जेसीएलच्या ओळीची लांबी आजही ८० अक्षरांची आहे, ती त्या ८० रकान्यांच्या पत्त्यावरूनच आली. त्यातील ७३ ते ८० हे रकाने अनुक्रमांकासाठी राखलेले असत. एकदा दादरच्या पुलावर माझा गठ्ठा सुटून पायऱ्यांवर पसरला आणि पंचवटी एक्स्प्रेस सुटायला दहा मिनिटे होती. ते आकडे पंच केलेले नसते तर ती संध्याकाळ मी पुलावरच काढली असती. जेस-२ च्या (जेसचा एक प्रकार) संदेशांच्या सुरुवातीला हॅस्प ही अक्षरे का येतात, असे पुष्कळ जण विचारतात. १९६० च्या दशकात ह्यूस्टनला नासाच्या संगणकांसाठी जी स्पूलिंगची प्रणाली तयार झाली तिचे ते नाव, आणि जेस-२ हा तिचाच वारस आहे.

आता क्रमाविषयी. तीन गठ्ठे एकामागोमाग दिले म्हणून ते त्याच क्रमाने चालतील असे जेसने कधीच कबूल केलेले नाही. जॉब आपल्या क्लासच्या (जॉबच्या वर्गाच्या) रांगेत उभा राहतो आणि त्या क्लासचा जो इनिशिएटर (जॉब उचलून चालवणारा घटक) मोकळा होईल तो त्याला उचलतो. दोन इनिशिएटर मोकळे असतील तर मर्ज आणि छपाई एकाच वेळी सुरू होतील. छपाईचा क्लास वेगळा असेल आणि त्याच्या रांगेत कोणी नसेल तर ती आधीच संपेल. तिन्ही जॉबना एकच नाव देण्याची जुनी युक्ती कोणीतरी तुम्हाला सांगेल. सर्वसाधारण मांडणीत जेस-२ एका नावाचे दोन जॉब एकाच वेळी चालवत नाही, त्यामुळे ते एकेक करून चालतात हे खरे. पण त्यांपैकी एक पडला तरी पुढचा निमूटपणे सुरू होतो. सॉर्ट पडला आणि छपाई झाली, याला क्रम म्हणता येणार नाही.

माझे मत विचाराल तर तिन्ही कामे एकाच जॉबच्या तीन स्टेप कराव्यात आणि मधल्या अटी इफ-देन या विधानांनी लिहाव्यात. कॉन्ड (स्टेपवर अट घालण्याचा दुसरा मार्ग) वापरणार असाल तर डोके थंड ठेवून वापरा, कारण त्यातील अट खरी ठरली की स्टेप चालत नाही, वगळली जाते, आणि पहिल्या वर्षात प्रत्येक जण ती उलटी वाचतो. कामे वेगळ्या जॉबमध्येच ठेवणे भाग असेल, तर पहिल्या जॉबच्या शेवटी आयईबीजेनरची (मजकूर नकलणाऱ्या प्रोग्रामची) एक स्टेप घालून पुढच्या जॉबचा जेसीएल इंटर्नल रीडरकडे लिहावा. या स्टेपलाही अट घातली, तर आधीची स्टेप बिघडल्यावर ही स्टेप चालणार नाही आणि पुढचा जॉब जन्मालाच येणार नाही.

गंगापूररोड

आजोबांच्या उत्तरात एक भर घालतो. झेड-ओएसच्या (मेनफ्रेमच्या कार्यप्रणालीच्या) २.२ या आवृत्तीपासून जेस-२ मध्ये जॉबग्रुपची सोय आली आहे, त्यामुळे कोणता जॉब कोणानंतर चालावा हे जेसीएलमध्येच लिहून देता येते. शेड्यूलर (जॉब ठरल्या क्रमाने आपोआप टाकणारा प्रोग्राम) नसलेल्या ठिकाणी मला ती आयईबीजेनरपेक्षा स्वच्छ वाटते. मात्र तुमच्या ग्राहकाकडे शेड्यूलर असेल, तर हाताने सबमिट करण्याची वेळच का येते, हा प्रश्न मी आधी विचारीन.

आमच्याकडे नवीन मुले टीएसओऐवजी झोई (मेनफ्रेमला आज्ञा देणारे साधन) वापरून आपल्या संगणकाच्या कमांड लाइनवरून जॉब टाकतात. त्यातही हाच सापळा आहे. झोईला मेनफ्रेमवरील डेटासेटचे नाव देता येते, तसेच स्वतःच्या संगणकावरील फाइलही देता येते. आपण कोणते दिले याचे भान सुटले की एक मजकूर गिटमध्ये (फाइलींच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात), दुसरा लायब्ररीत आणि चालला भलताच, असे होते. त्याला आउटपुट येईपर्यंत थांबायला सांगता येते, हा मोठा फायदा आहे. टीएसओमधून रेक्सने (तिथल्या एका प्रोग्रामिंग भाषेने) सबमिट केले तर परत येणारा शून्य हा जॉबचा नसून सबमिट या आज्ञेचा असतो, म्हणजे गठ्ठा खिडकीतून आत गेला एवढेच तो सांगतो. संदेशातून जॉब क्रमांक काढताना तो अमुक क्रमांकाचा शब्द आहे असे धरून चालू नका. प्रोफाइलमध्ये संदेशांचे क्रमांक दाखवणे बंद असेल तर सगळे शब्द एका घराने सरकतात. माझा एक प्रोग्राम यामुळे दोन दिवस 'सबमिटेड' नावाचा जॉब शोधत बसला होता.

अंबडची रात्रपाळी

सर्वांचे मनापासून आभार. आमच्याकडे स्पूल सात दिवसांनी साफ होतो आणि आपली उत्तरे मी सहाव्या दिवशी रात्री वाचली, त्यामुळे ड्यूटीवर येताच पहिले काम ते केले. पहिला जॉब जागेवर होता. एसजे दिल्यावर नव्या तारखेचा जेसीएल समोर आला आणि दुसऱ्या जॉबच्या जेसजेसीएलमध्ये मागच्या महिन्याची तारीख दिसली; दोन्ही ओळी तशाच स्पष्टीकरणाला जोडल्या. आजोबांनी सांगितल्याप्रमाणे तीन स्टेपचा एक जॉब लिहून तो टायपरन स्कॅनने (जॉब न चालवता जेसीएल तपासण्याच्या सोयीने) तपासून घेतला. छपाईच्या स्टेपवर कॉन्ड लिहिली होती आणि ती उलटीच निघाली, म्हणून तिथे इफ-देन केले.

राउटरही काल इन्व्हर्टरवर घेतला.

सातपूरकर

टायपरन स्कॅन फक्त जेसीएलची भाषा तपासतो, त्यातील डेटासेट अस्तित्वात आहेत की नाहीत हे पाहत नाही. पहिल्यांदा खरा जॉब टाकाल तेव्हा चाचणीच्या डेटासेटवर टाका.