डोमिनिकन संघात जावंसं वाटतंय: देवाचं पाचारण की नोकरीचा कंटाळा?

लोकलवाला_वसई
वय २७, अंधेरीला एका कंपनीत अकाउंट्सला आहे. दोन वर्षं झाली, डोमिनिकन संघात, म्हणजे व्रतं घेऊन एकत्र राहणाऱ्या कॅथलिक फादर-ब्रदरांच्या एका संघात जावं हा विचार पाठ सोडत नाही. आमच्याकडे फादर म्हणजे एकतर धर्मप्रांताचे, म्हणजे इथल्या बिशपच्या हाताखालचे, नाहीतर जेज्विट संघाचे. डोमिनिकन म्हटलं की मित्र विचारतात, "कुठला डॉमनिक? पापडीचा?" लहानपणी किल्ल्यात क्रिकेट खेळताना आमचा बॉल एका पडक्या चर्चमध्ये जायचा. ते सेंट गोन्सालोचं, डोमिनिकनांचं, हे मला पंचविशीत कळलं.

पप्पा गेले तेव्हाच्या मिस्सेतलं, म्हणजे चर्चमधल्या उपासनेतलं प्रवचन कुणाच्याही मयताला चाललं असतं. राग नाही आला, पण ते आत कुठेतरी राहिलं. तेव्हापासून रोज गाडीत त्या दिवसाची बायबलमधली वाचनं वाचतो आणि अंधेरी येईपर्यंत मनातल्या मनात प्रवचन रचतो. कधी कधी उतरायचं राहून जातं.

अडचणी: फ्लॅटचं कर्ज अजून ११ लाख. बहीण नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. आई म्हणते, "फादर व्हायचंच असेल तर इथल्या धर्मप्रांतात हो, निदान मिस्सेला तरी दिसशील." हे पाचारण आहे हे कशावरून ओळखायचं?

किल्लेबंदर७४
मार्च एंडिंगला मलाही दरवर्षी संन्यासी व्हावंसं वाटतं. एप्रिलमध्ये जातं. सुट्टी घे, मुलगी बघ.

चार_वर्षांचा_फ्रायर
मी त्या संघात चार वर्षं फ्रायर, म्हणजे तिथला एक भाऊ होतो. तात्पुरत्या व्रतांची मुदत संपली तेव्हा बाहेर पडलो, भांडून नाही. आता दहावीचे क्लास घेतो.

आधी कर्जाचं बोलू. कर्ज डोक्यावर आहे आणि ते फेडता येत नाही, अशा माणसाला नोव्हिशिएटमध्ये, म्हणजे व्रतांआधीच्या उमेदवारीत घेऊ नये, असं चर्चच्या कायद्यातच आहे, कलम ६४४. तेव्हा फ्लॅट विकायचा की बहीण हप्ते भरणार, हे ठरल्याशिवाय पुढचं बोलणं हवेतलं.

आईबद्दल संत थॉमस अक्वायनस वाच. त्याला घरच्यांनी रोक्कासेक्काच्या गढीत वर्षभर डांबून ठेवलं होतं. मोंते कासिनोच्या मोठ्या मठात जायचं सोडून हा भिक्षा मागणाऱ्या डोमिनिकनांत गेला म्हणून. या बाबतीत नातेवाइकांचा सल्ला घेऊ नये, असं तो लिहितो, ते ओघानं आलंच. पण तोच हेही लिहितो की आईवडिलांचं मुलाशिवाय खरोखर भागतच नसेल, तर मुलानं संघात जाऊ नये. म्हणजे आईला तू जवळ हवा आहेस, की तुझ्याशिवाय तिचं पोट भरणार नाही? दुसऱ्याचं उत्तर पासबुकात मिळेल. पहिल्याचं मिळणार नाही, आणि ते दुखणारच.

आता तुझ्या गाडीतल्या प्रवचनांबद्दल. तुझी पोस्ट वाचून मला माझंच हसू आलं, कारण मीही त्याच वाटेनं गेलो. या संघाचं नावच मुळी प्रवचनकारांचा संघ. १२१६ मध्ये पोपची मान्यता मिळाली तेव्हापासून तेच काम. पण आत गेल्यावर पहिली काही वर्षं तुला प्रवचन कुणी विचारत नाही. स्तोत्रं म्हणायची, अभ्यास करायचा, भांडी घासायची आणि घोरणाऱ्या भावाशेजारी झोपायचं. अभ्यास ही तिथे हौस नाही, प्रार्थनेइतकंच ते काम आहे. संघाचा झगा मिळतो त्या दिवशी जमिनीवर पालथं पडायचं असतं. प्रायर, म्हणजे मठाचे प्रमुख, विचारतात, "तुला काय हवंय?" उत्तर ठरलेलं: "देवाची दया आणि तुमची." त्यातल्या "तुमची"कडे माझं तेव्हा लक्षच गेलं नाही. पुढे रोज त्याचीच गरज पडली, मला त्यांच्या दयेची आणि त्यांना माझ्या. व्रत घेताना फक्त आज्ञापालनाचं नाव उच्चारायचं, हात वरिष्ठांच्या हातात ठेवून. तुला घ्यायचं की नाही, यावर तिथले भाऊ मतदान करतात. एकट्या तुझ्या मनानं ठरत नाही, हे मला नंतर बरंच वाटलं.

मी का निघालो? तिसऱ्या वर्षी रविवारी एका वृद्धाश्रमात पाठवायचे. एक आजोबा ठार बहिरे. त्यांच्याजवळ नुसतं बसायचं, आणि तेच मला नको असायचं. बोलायची पाळी असली की मात्र पहाटे चारला जाग. आमच्या मार्गदर्शक फादरांनी एकदा विचारलं, "ऐकायला कुणी नसतं तर एवढी तयारी केली असतीस?" मी गप्प. वर्षभर गप्पच होतो.

म्हणून ओळखायचं कसं, तर घरी बसून नाही. आठ-दहा दिवस त्यांच्यात राहून ये. सणाला नको, एखाद्या रटाळ आठवड्यात जा. नागपूरला ते आहेत. १९५९ मध्ये आयरिश डोमिनिकन तिथे सेमिनरी चालवायला आले. रात्रीच्या प्रार्थनेनंतर 'साल्वे रेजिना' हे मरियेचं गीत म्हणत सगळे रांगेनं चालतात, ते बघ. क्लासचं शटर ओढताना मी अजून गुणगुणतो.

आणि फादरच व्हायला हवं असं नाही, ब्रदर म्हणूनही राहता येतं. पेरूतल्या लिमाचे संत मार्टिन दे पोरेस ब्रदरच होते, जन्मभर आजाऱ्यांची सेवा करत राहिले. त्यांना संतपद मिळालं १९६२ मध्ये, मृत्यूनंतर तीनशे तेवीस वर्षांनी.

पापडीची_मावशी
बाळा, पापडीचा डॉमनिक आमच्या गल्लीतच राहतो, त्याला निरोप देते. माझा भाऊ दुसऱ्या एका संघात आहे. आई गेली तेव्हा तो दुसऱ्या दिवशी पोचला, माती देऊन झाली होती. आई त्याच्यावर कधी रुसली नाही, पण दर नाताळला त्याचं ताट वाढून ठेवायची. तुझी आई मिस्सेचं बोलली ना, ती हेच बोलत होती.

लोकलवाला_वसई
मावशी, वाचून थोडा वेळ मोबाईल बाजूला ठेवला.
फ्रायरदादा, गाडीत मी जी प्रवचनं रचतो त्यांत शेवटी लोक रडतात. हे कुणाला सांगितलं नव्हतं.
बहिणीशी हप्त्यांचं बोललो. ती म्हणाली, आधी नोकरी लागू दे. विदर्भ एक्स्प्रेसचं तिकीट काढलंय, वेटिंग २३.