विंचेस्टर १८८६ : स्पेशल ऑर्डर खरी आहे की नंतर केलेली, कसं ओळखायचं?

रानवाट_डेन्व्हर:
नमस्कार मंडळी. कोलोरॅडोत राहून बारा वर्षं झाली, इथल्या शेजारच्या आजोबांमुळे जुन्या लिव्हर अ‍ॅक्शन (ट्रिगरखालची दांडी खाली-वर करून काडतूस भरायच्या) रायफलींचा नाद लागला. घरात दोन आहेत, दोन्ही साध्या. आता एका डीलरकडे विंचेस्टर १८८६ दिसलीये, ४०-८२ काडतुसाची, सिरियल सत्तर हजारांच्या घरातला, २६ इंची अष्टकोनी बॅरल, पण मॅगझिन (बॅरलखालची काडतुसांची नळी) अर्धंच, सेट ट्रिगर (आधी ताणून ठेवला की हलक्या स्पर्शानं सुटणारा), आणि दस्त्याला मागे शॉटगनसारखी सपाट प्लेट. डीलर म्हणतो सगळं फॅक्टरीतून ऑर्डर देऊन करून घेतलेलं आहे, शिवाय रिसीव्हरवर (बॅरलमागच्या यंत्रणेच्या धातूच्या भागावर) केस हार्डनिंगचे, म्हणजे धातू तापवून कडक करताना उमटणारे रंग अजून दिसतात तेही स्पेशल, म्हणून साध्या रायफलीच्या जवळजवळ दुप्पट मागतोय. हात लावल्यापासून डोक्यातून जात नाहीये. घ्यावी का?

जुनी_नळी:
आधी पत्र, मग पैसे. वायोमिंगमधल्या कोडी गावच्या म्युझियममध्ये विंचेस्टर फॅक्टरीच्या मूळ वह्या आहेत, १८८६ मॉडेलच्या जवळजवळ दीड लाख नंबरांची नोंद तिथे सापडते. मॉडेल आणि सिरियल कळवून फी भरली की ते पत्र देतात, त्यात काडतूस, बॅरल, ट्रिगर, जास्तीची कामं आणि गोदामातून निघाल्याची तारीख येते. कुणाला पाठवली हे मात्र विंचेस्टरच्या वह्यांत सहसा नसतं, त्यामुळे "अमक्या शेरीफची होती" असं कुणी सांगितलं तर त्याचे पैसे देऊ नका.

आणि रंगांचं म्हणाल तर तिथेच डीलर चुकतोय (किंवा चुकवतोय). १८८६ ला साधारण १९०१ पर्यंत केस हार्डन्ड रिसीव्हर हीच नेहमीची पद्धत होती. १८७३ मॉडेलवर ते रंग असतील तर स्पेशल, कारण ती एरवी ब्लू केलेली, म्हणजे निळसर-काळा थर दिलेली यायची. रंग टिकलेत याची किंमत जरूर आहे, पण ती कंडिशनची, ऑर्डरची नाही.

घाटमाथा:
नळीकाकांशी सहमत, फक्त पत्र यायच्या आधी रायफल उलटी करून बघा. पूर्ण मॅगझिन असलं की तोंडाकडच्या बाजूला बॅरलच्या खाली मॅगझिनच्या कड्यासाठी खाच पाडलेली असते, कुणी नंतर मॅगझिनची नळी कापून अर्धं मॅगझिन केलं असेल तर ती खाच भरून घासलेली सापडते, नख फिरवलं तरी कळतं. बॅरलची लांबी बोल्ट बंद करून आतून सळई घालून मोजा. प्लेटच्या कडेला लाकूड धातूच्या किंचित वर असावं, खाली बसलेलं असेल तर कुणीतरी पॉलिश पेपर मारलाय. उंची लाकडाच्या रायफलींत वरच्या टँगवर (रिसीव्हरमधून मागे दस्त्यात जाणाऱ्या पट्टीवर), प्लेटच्या आत आणि दस्त्याच्या लाकडात एकच असेंब्ली नंबर ठोकलेला असतो, तुमची तशी असेल तर तोही जुळवा.

आणि घेतल्यावर काहीही चकचकीत करायला जाऊ नका हो! शंभर-सव्वाशे वर्षांचा तपकिरी थर एकदा गेला की परत येत नाही, माझ्या पहिल्या मार्लिन रायफलीचं मी हेच करून बसलो, अजून वाईट वाटतं.

गोदाकाठ:
मी नाशिकला असतो. अशी रायफल इकडे आणता येते का?

जुनी_नळी:
सहजासहजी नाही हो. ३१ डिसेंबर १८९८ किंवा त्याआधीची म्हणजे अँटिक, बंदुकीच्या नियमांतून सूट, ही सवलत अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यातली, तिथेही राज्याराज्यांत नियम बदलतात. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यात जुन्या वस्तूला सूट आहे ती दुरुस्त करूनही उडणार नाही अशा शस्त्रालाच. चालू रायफल म्हटली की लायसन्स आलंच.

रानवाट_डेन्व्हर:
सगळ्यांचे मनापासून आभार. पत्र आलं! १८९२ ची निघाली. अष्टकोनी बॅरल, सेट ट्रिगर, अर्धं मॅगझिन सगळं नोंदीत आहे, खालची खाच मी स्वतः शोधली, नाहीच आहे. शॉटगन प्लेटचा मात्र उल्लेख नाही, आणि परत येऊन दुरुस्त झाल्याचीही नोंद नाही.

जुनी_नळी:
परत आल्याची नोंद असती तर प्लेट तेव्हा फॅक्टरीत बसवली असं धरता आलं असतं. आता दस्ता नंतरचा धरूनच बोला. पण सेट ट्रिगर आणि अर्धं मॅगझिन एकाच रायफलीवर आणि दोन्ही वहीत, ही जोडी रोज दिसत नाही. पत्र डीलरसमोर ठेवा, प्लेटचे आणि रंग 'स्पेशल' म्हणून लावलेले पैसे वजा करायला सांगा.

रानवाट_डेन्व्हर:
शनिवारी जातोय काका. मूळ चंद्रकोरी प्लेटचा दस्ता कुणाच्या पाहण्यात आला तर इथेच कळवा, १८८६ चाच हवा.