जोडीदाराची पहिली स्कूबा डुबकी: तुम्ही सोबत होतात का?

शिंपला
काल जुना फोन चार्ज केला आणि नवऱ्याच्या पहिल्या डुबकीचा व्हिडिओ सापडला. तेव्हापासून तेच डोक्यात आहे, म्हणून लिहितेय. माझा कोर्स आधीच झाला होता, त्याची पहिलीच वेळ. उथळ पाण्यात मास्कमध्ये थोडं पाणी घेऊन नाकाने फुंकून काढायचं होतं. दोनदा घाबरून उभा राहिला. मी समजवायला पुढे झाले, तर इन्स्ट्रक्टर म्हणाले, "तुम्ही फक्त त्यांना दिसाल अशा राहा, शिकवायचं माझ्यावर सोडा." तिसऱ्यांदा जमलं!
खाली जाताना चारेक मीटरवर त्याने कानाकडे बोट दाखवलं. इन्स्ट्रक्टरने थोडं वर नेलं, नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायला लावलं, कान मोकळे झाले. माझा हात इतका घट्ट धरलेला की अंगठी रुतत होती. आणि त्याचे बुडबुडे! आधी सलग धार. मग मध्ये जागा पडायला लागली. एक झुबका, थोडं थांबून दुसरा. हातही सैल झाला. तो आता बरा आहे हे मला बुडबुड्यांवरून कळलं.
तुमचंही लिहा.

रानवारा
बुडबुड्यांचं अगदी खरं. आमच्याकडे वेगळंच झालं. बायकोला कासव दिसलं, तिने आनंदाने अंगठा वर केला. पाण्याखाली अंगठा म्हणजे "वर चला". इन्स्ट्रक्टर लगेच तिला घेऊन निघाले. वर आल्यावर रडकुंडीला आली, "अहो, मी छान म्हणत होते!" पुन्हा खाली नेलं त्यांनी, देव भलं करो. घरी आता काही आवडलं की बोटांचा गोलच करते.

दुपारची झोप
मिशीवाले आहेत का कोणी? मास्क वरच्या ओठापाशी गळतो. आमच्या ह्यांनी मिशी काढली नाही ती नाहीच, अर्धा वेळ पाणी फुंकण्यात गेला 😀

रानवारा
@दुपारची झोप मिशीचा मान राखला त्यांनी!

ओलीचिंब
आमचं झालंच नाही. नवऱ्याला सर्दी होती, फॉर्मवर लिहिली नाही. दोन मीटरवरच कान अडले. "जोर लावून बघतो" अशी खूण करत होता, इन्स्ट्रक्टरने सरळ वर आणलं. तेव्हा राग आला, आता त्यांचे आभारच मानते, कानाचा पडदा वाचला. सर्दी असेल तर तारीख बदला, कृपा करून. फोडणी जळतेय, येते.

पायवाट
दुसऱ्या दिवशी पहाटेचं विमान असेल तर?

शिंपला
@पायवाट एकच डुबकी असेल तर निदान 12 तास जाऊ द्या, जास्त असतील तर 18. आणि तुमच्या माणसाला आधीच सांगा की श्वास रोखायचा नाही. 10 मीटरवर दाब दुप्पट असतो. तिथे छाती भरून श्वास धरला आणि तसंच वर आलं तर तीच हवा दुप्पट फुगते, फुप्फुस फाटू शकतं. आमचे इन्स्ट्रक्टर हे चार वेळा म्हणाले, मला चारही वेळा बरं वाटलं.

दुपारची झोप
चष्मा असेल तर नंबरचा मास्क मिळतो, आधी विचारा. ह्यांना मासे पुसटच दिसले.

ओलीचिंब
आले. भाजी वाचली.

जुनी छत्री
मी पाण्यात उतरत नाही, बोटीवरच होतो. बायको इन्स्ट्रक्टरसोबत खाली. पाण्यावर बुडबुड्यांचे दोन ठिपके सरकत होते, मी एकावरून नजर हटवली नाही, तिचा कुठला ते माहीत नसताना. वीसेक मिनिटांनी वर आली. कपाळावर मास्कचा लाल वळ, ओठ थरथरत होते थंडीने. मी टॉवेल पुढे केला तर तो न घेता आधी म्हणाली, "चल ना रे, पुढच्या वेळी तूही."