परवानगी व्यक्तीला नव्हे, गटाला द्यावी

विंडोज सर्व्हरवरील फोल्डरला शेअरच्या पातळीवर, म्हणजे नेटवर्कवरून तो वापरण्यासाठी, ‘फुल कंट्रोल’ (पूर्ण अधिकार) दिले असूनही लेखा विभागाला फाइल जतन का करता येत नाही, असा प्रश्न आहे. नेटवर्कवरून येणाऱ्या वापरकर्त्याला शेअर आणि एनटीएफएस (डिस्कवरील फाइल-फोल्डरवर थेट लावलेली) या दोन्ही परवानग्या लागू होतात व त्यांपैकी जी अधिक कडक असेल तीच अखेर चालते. त्यामुळे एनटीएफएसवर केवळ वाचण्याची मुभा असेल, तर शेअरवरील उदारतेचा काहीही उपयोग होत नाही. माझ्या मते शेअरवर ‘चेंज’ (वाचणे व बदलणे) ठेवून खरे नियंत्रण एनटीएफएसवरच करावे.

मात्र ही परवानगी कोणा एका कर्मचाऱ्याच्या नावावर कधीही देऊ नये. फोल्डरच्या प्रत्येक अधिकारासाठी (उदा. वाचणे, बदलणे) एक गट करावा आणि विभागाचा गट त्याचा सदस्य करावा, म्हणजे बदली झाली तरी फोल्डरला हात लावावा लागत नाही, केवळ सदस्यत्व बदलते. नवे सदस्यत्व पुन्हा लॉगइन केल्यावरच लागू होते, हे वापरकर्त्यांना आधीच सांगावे. ‘डिनाय’ (स्पष्ट मनाई) शक्यतो टाळावे, कारण अनेक गटांत असलेल्या माणसाला नेमके कोठे अडवले गेले हे नंतर शोधणे फार कष्टाचे होते.

प्रिंटरवर मुळातच ‘एव्हरीवन’ला, म्हणजे सर्वांना, छपाईची मुभा असते. धनादेश किंवा वेतनपत्रके छापणाऱ्या प्रिंटरवरून ती आवर्जून काढावी. तसेच 2021 मध्ये विंडोजच्या छपाई सेवेतील ‘प्रिंटनाइटमेअर’ ही सुरक्षा त्रुटी उघड झाल्यानंतर ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारे सॉफ्टवेअर) बसवण्यासाठी प्रशासकाचे अधिकार लागतात, म्हणून ड्रायव्हर आधीच बसवून ठेवावेत.