हँक विल्यम्स ज्युनियरचे अल्बम कोणत्या क्रमाने ऐकावेत?

फिडलप्रेमी

कंट्री संगीताच्या जाणकारांना एक प्रश्न विचारायचा आहे. हँक विल्यम्स ज्युनियरचे नाव निघाले की दाढी, काळा गॉगल, काउबॉय हॅट आणि दारूची, दंगामस्तीची गाणी एवढेच बहुतेकांना आठवते. अमेरिकेत सोमवारी रात्री होणाऱ्या फुटबॉल सामन्यांच्या प्रक्षेपणात १९८९ पासून त्याचे गाणे वाजू लागले आणि ही ओळख आणखी पक्की झाली. मलाही तो तिथूनच माहीत होता. मात्र नंतर ‘अ कंट्री बॉय कॅन सर्व्हाइव्ह’ ऐकले आणि माझा समज डळमळला. गिटारच्या मोजक्या सुरांवर, खालच्या पट्टीत गाणे सुरू होते. न्यूयॉर्कमधल्या एका मित्राला लुटारूने ४३ डॉलरसाठी चाकूने ठार केल्याची हकिकत त्यात येते आणि गाणाऱ्याचा राग समोर बसून बोलल्यासारखा, सावकाश बाहेर पडतो. पार्टीची गाणी गाणारा आणि हे गाणारा माणूस एकच आहे, हे मला अजूनही नवलाचे वाटते.

त्याचे अल्बम नीट ऐकायचे ठरवले खरे, पण यादी पाहून गोंधळलो आहे. १९६४ ते २०२२ या काळातले पन्नासहून अधिक स्टुडिओ अल्बम, काही वर्षी दोन-दोन, काहींवर केवळ वडिलांचीच गाणी आणि त्यावर संकलनांचा ढीग. सुरुवात कोठून करावी? सरळ एखादे ‘ग्रेटेस्ट हिट्स’ घ्यावे का? आणि एमजीएम या ध्वनिमुद्रण कंपनीच्या काळातले सुरुवातीचे अल्बम वगळले तर फारसे काही बिघडेल का?

स्टीलगिटार

माझे मत स्पष्ट आहे: संकलनापासून सुरुवात करू नये. १९८२ चे ‘ग्रेटेस्ट हिट्स’ उत्तम आहे आणि अफाट खपलेही, परंतु ते ऐकून आपला जो समज आधीपासून आहे तोच घट्ट होईल. या गायकाच्या अल्बमांत दंगामस्तीच्या गाण्याला खेटूनच एखादे एकाकी, थकलेले गाणे असते, आणि त्या शेजारामुळेच दोन्हींना अर्थ येतो. संकलनात तो शेजार तुटतो.

आरंभ १९७५ च्या ध्वनिमुद्रणांतून साकारलेल्या ‘हँक विल्यम्स ज्युनियर अँड फ्रेंड्स’पासून करावा. त्यामागची पार्श्वभूमी थोडी सविस्तर सांगतो, कारण ती कळली नाही तर पुढचे काहीच कळत नाही. १ जानेवारी १९५३ रोजी त्याचे वडील, कंट्रीतले गाजलेले गायक हँक विल्यम्स, गेले, तेव्हा हा मुलगा चार वर्षांचाही नव्हता. आई ऑड्रे यांनी आठव्या वर्षीच त्याला वडिलांची गाणी घेऊन मंचावर उभे केले. वडिलांच्या जीवनावरील १९६४ च्या ‘युअर चीटिन हार्ट’ या चित्रपटात पडद्यावर जॉर्ज हॅमिल्टन दिसतो, पण आवाज या किशोरवयीन मुलाचा आहे. ऐन विशीत पोहोचेपर्यंत हुबेहूब वडिलांसारखे गाणे हाच त्याचा चरितार्थ होता. १९७४ मध्ये त्याने आत्महत्येचा प्रयत्न केला, त्यातून तो वाचला आणि कंट्री संगीताचे केंद्र असलेले नॅशव्हिल सोडून अलाबामातल्या कलमन येथे राहायला गेला.

‘फ्रेंड्स’ त्यानंतरचा आहे. अलाबामातल्याच मसल शोल्स परिसरातल्या या ध्वनिमुद्रणात चार्ली डॅनियल्स, मार्शल टकर बँडचा टॉय काल्डवेल आणि पियानोवादक चक लेव्हेल अशी दक्षिणेकडच्या रॉकमधली मंडळी आहेत. त्यातले ‘लिव्हिंग प्रूफ’ शांतपणे ऐकावे. कार्यक्रम संपल्यावर एक दारुडा म्हातारा जवळ येऊन सांगतो की तू बापाइतका चांगला नाहीस आणि कधी होणारही नाहीस. मग एक तरुण मुलगी येते आणि आपण त्याची सर्वांत मोठी चाहती असल्याचे सांगते. गाणारा या दोघांच्या मधोमध उभा आहे. बापाचे आयुष्य आपल्यालाही जगावे लागेल ही त्याची धास्ती शब्दाशब्दांत आहे, आणि ती व्यक्त करणारा आवाज मात्र आता बापाचा राहिलेला नाही.

ध्वनिमुद्रण आटोपल्यावर, ८ ऑगस्ट १९७५ रोजी, मोंटाना आणि आयडाहो यांच्या सीमेवरील एजॅक्स शिखरावरून तो सुमारे ५०० फूट खाली कोसळला. चेहऱ्याची आणि कवटीची हाडे मोडली, एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या आणि बोलणे व गाणे पुन्हा शिकावे लागले. ज्या दाढीला आणि गॉगलला लोक रंगेलपणाचा वेष समजतात, ती जखमांचे व्रण झाकण्यासाठी आली. ‘फ्रेंड्स’मधला मोकळा आवाज ऐकून लगेच पुढचे अल्बम लावले की ही गोष्ट अधिकच जाणवते.

यानंतर १९७९ ते १९८२ हा काळ सलग ऐकावा: ‘फॅमिली ट्रॅडिशन’, ‘व्हिस्की बेंट अँड हेल बाउंड’, ‘हॅबिट्स ओल्ड अँड न्यू’, ‘राउडी’, ‘द प्रेशर इज ऑन’ आणि ‘हाय नोट्स’. आपण उल्लेख केलेले गाणे ‘द प्रेशर इज ऑन’मधले आहे. त्याच अल्बमात ‘ऑल माय राउडी फ्रेंड्स हॅव सेटल्ड डाउन’ आहे. नावावरून ते पार्टीचे गाणे वाटेल, परंतु आहे ते पार्टी संपल्याचे गाणे: जुने सोबती दारू सोडून मार्गाला लागले आहेत आणि हा मागे राहिला आहे. फुटबॉलमुळे गाजलेले गाणे त्याचे पुढचे भावंड, १९८४ च्या ‘मेजर मूव्ह्ज’मधले. पहिले ऐकल्याशिवाय दुसऱ्यातला जल्लोष पुरता कळत नाही, असे मला मनापासून वाटते.

या काळात तो वर्षाला एक-दोन अल्बम काढत होता आणि आधीचेही खपत राहत होते, त्यामुळे १९८२ मध्ये ‘बिलबोर्ड’ या संगीत-नियतकालिकाच्या कंट्री अल्बमांच्या यादीत त्याचे नऊ अल्बम एकाच वेळी होते.

जुनी तबकडी

स्टीलगिटार यांच्या क्रमाला माझा विरोध नाही, परंतु एमजीएमच्या काळाला केवळ नकलेचा काळ म्हणणे मला अन्यायाचे वाटते. १९६९ चा ‘साँग्ज माय फादर लेफ्ट मी’ ऐकावा. वडिलांच्या मागे राहिलेल्या, चाली न लागलेल्या शब्दांना मुलाने स्वतः चाली दिल्या आहेत. ‘केजन बेबी’ हे त्यातलेच गाणे. वडिलांची गाजलेली गाणी पुन्हा गाणे आणि त्यांचे अपुरे काम विशीच्या आत पुरे करायला घेणे यांत फार अंतर आहे. ‘ल्यूक द ड्रिफ्टर’ हे वडिलांनी उपदेशपर, गद्य निवेदनांसाठी घेतलेले नाव; मुलाने त्यापुढे ‘ज्युनियर’ जोडून तशीच ध्वनिमुद्रणे केली. ती आज काहीशी जड वाटतात, हे मान्य. परंतु १९७२ च्या ‘इलेव्हन रोझेस’मध्ये एक पक्का, संयमी कंट्री गायक ऐकू येतो, आणि ते गाणे पहिल्या क्रमांकावर पोहोचले होते.

प्रत्येक जुना अल्बम शोधत बसण्याची गरज नाही. ‘लिव्हिंग प्रूफ’ याच नावाच्या संचात १९६३ ते १९७५ ची एमजीएमची निवडक ध्वनिमुद्रणे आहेत, आणि ‘द बोसेफस बॉक्स’ची १९९२ ची आवृत्ती १९७९ पासून सुरू होते. बोसेफस हे वडिलांनी त्याला लहानपणी दिलेले लाडाचे नाव. यात एक मेख आहे: १९७७ चे दोन अल्बम, ‘वन नाइट स्टँड्स’ आणि कंट्री गायक वेलन जेनिंग्जच्या हाताखाली झालेला ‘द न्यू साउथ’, या दोन्ही संचांच्या मधल्या काळात पडतात. अपघातानंतरचा सावरता आवाज त्यांतच आहे, म्हणून ते वेगळे मिळवावेत.

फिडलप्रेमी

दोघांचेही मनापासून आभार. ‘फ्रेंड्स’ आणि ‘साँग्ज माय फादर लेफ्ट मी’ अशी एकत्र सुरुवात करतो. आणखी एक विचारतो: १९८२ नंतरचे किती ऐकावे? आणि त्याच्या राजकीय गाण्यांकडे कसे पाहावे?

निळा सूर

१९८२ नंतर निवड करावीच लागते. १९८६ चा ‘मोंटाना कॅफे’ आणि १९८७ चा ‘बॉर्न टू बूगी’ सोडू नयेत. दुसऱ्याला कंट्री म्युझिक असोसिएशनचा वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचा पुरस्कार मिळाला आणि त्याच सुमारास, १९८७ आणि १९८८ अशी सलग दोन वर्षे, तो संस्थेचा ‘एंटरटेनर ऑफ द इयर’ही ठरला. १९९० च्या दशकातले बरेचसे अल्बम मला साच्यातले वाटतात. राउडीपणा आता स्वभाव न राहता अपेक्षा झाली आहे, आणि ते ऐकताना जाणवते.

राजकीय गाण्यांबाबत मी गोड बोलणार नाही. ‘वाइल्ड स्ट्रीक’मधले १९८८ चे ‘इफ द साउथ वुडा वन’ यादवी युद्धात दक्षिण जिंकली असती तर, असे रंगवते. त्या विजयात गुलामांच्या वाट्याला काय आले असते, हा प्रश्न त्या गाण्याला शिवतही नाही. मला ते ऐकवत नाही. २०११ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांविषयी त्याने दूरचित्रवाणीवर केलेल्या विधानानंतर फुटबॉलच्या प्रक्षेपणातून त्याचे गाणे काढले गेले आणि ते २०१७ मध्ये परतले.

हे मला अधिकच खटकते, कारण या घराण्याच्या संगीताचे मूळ एका कृष्णवर्णीय माणसाशी जाऊन पोहोचते. अलाबामातल्या रस्त्यांवर गाणाऱ्या रूफस पेन, म्हणजेच ‘टी टॉट’, यांच्याकडून वडील गिटार शिकले. मुलाला हे ठाऊक आहे आणि त्याने ते मान्यही केले आहे: २००२ च्या ‘द अल्मेरिया क्लब रेकॉर्डिंग्ज’मध्ये टी टॉट यांच्यावर गाणेच आहे, आणि त्या अल्बमचा काही भाग अलाबामातल्या ज्या जुन्या क्लबात वडील गात असत तिथे ध्वनिमुद्रित झाला. तिथून थेट २०२२ च्या ‘रिच व्हाइट हाँकी ब्लूज’कडे जावे. डॅन ऑरबाक याने निर्मिलेल्या या अल्बमात रॉबर्ट जॉन्सन, लाइटनिन हॉपकिन्स आणि आर. एल. बर्नसाइड या कृष्णवर्णीय ब्लूज कलावंतांची गाणी आहेत, आणि मिसिसिपीच्या टेकड्यांमधल्या ब्लूजमध्ये मुरलेला केनी ब्राउन स्लाइड गिटारवर आहे. सत्तरी ओलांडलेला आवाज खरखरीत झाला आहे, पण सगळे वादक एका खोलीत बसून एकत्र वाजवत असल्याने तो कोठेही एकटा पडत नाही. ‘फ्रेंड्स’ ऐकून झाल्यावर मधले सगळे बाजूला ठेवून हा अल्बम एकदा लावावा, आणि मग १९७९ कडे परत यावे.