बहिणीला फिट आली, सीटीत मेंदूत अळीची गाठ निघाली – सांगली-मिरजेत कुणाला दाखवू?

पलूसकर_दादा

नमस्कार मंडळी. चार दिवस झाले, घरात कुणाच्या घशाखाली घास उतरत नाही, म्हणून इथं विचारतोय.

धाकटी बहीण, वय १९, सांगलीत बीएस्सीला आहे. खोली करून राहते, जेवण मेसचं. रविवारी गावी आली होती. पहाटे नळाला पाणी आलं म्हणून कळशी लावायला गेली आणि तिथंच कोसळली. डोळे वर, उजवा हात आखडलेला, तोंडाला फेस. चुलत्यांनी कांदा फोडून नाकाला लावला, कुणीतरी दातात चमचा घातला. दोन-तीन मिनिटांत थांबलं, पण पुढं तासभर ती आईलाही ओळखत नव्हती. सीटी काढला. डाव्या बाजूला एकच गोल गाठ, १० मिलिमीटरच्या आतली, भोवती सूज. खाली लिहिलंय, न्यूरोसिस्टिसरकोसिस वाटतो, टीबीची गाठ नाही ना ते पाहावे.

चुलतभावानं तो शब्द मोबाईलवर शोधला आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला: डुकराच्या मांसातून होणारा जंत. आमचं घर माळकरी. आजोबांची ४० वर्षांत एक वारी चुकलेली नाही. घरात अंडंसुद्धा शिजत नाही. तेव्हापासून आजोबा पानावर बसत नाहीत आणि आत्या पोरीला कोपऱ्यात घेऊन विचारते, "खरं सांग, मैत्रिणींबरोबर काय खाल्लंस?" ती नुसती रडते.

मेंदूचा चांगला डॉक्टर सांगा. मेडिकलवाला म्हणतो जंताची गोळी देऊन टाका, देऊ का? आणि मांस न खाता हे होतं का, ते कुणाला नक्की माहीत असेल तर कृपा करून लिहा.

मिरजेची_लॅबवाली

दादा, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तुमच्या बहिणीवर तिथंच अन्याय चाललाय. मांसाचा कणही न खाता हे होतं. २२ वर्षं लॅबमध्ये काढलीत. माळकरी, जैन, लिंगायत अशा घरांतले असे रुग्ण मी पाहिलेत.

या फीतकृमीच्या दोन वाटा आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. डुकराचं मटण कच्चट राहिलं, त्यात तांदळाच्या दाण्याएवढे किंवा थोडे मोठे पाण्याचे फोड असले, तर त्यातली अळी खाणाऱ्याच्या आतड्यात जाऊन फीत बनते. दोन-तीन मीटर, कधी त्याहून लांब. त्या माणसाला बहुतेकदा काही कळतसुद्धा नाही, वर्षानुवर्षं हिंडतो-फिरतो. पण फितीचे तुकडे तुटून शौचातून पडतात आणि एकेका तुकड्यात हजारो अंडी असतात.

दुसरी वाट या अंड्यांची. उघड्यावरची घाण ओढ्यात, ओढ्याचं पाणी भाजीला. किंवा ज्याच्या पोटात फीत आहे त्यानं शौचाहून येऊन हात नीट न धुता पीठ मळलं, कोशिंबीर चिरली. अंडं ज्याच्या तोंडात जाईल त्याच्या आतड्यात फुटतं, अळी रक्तात शिरते आणि स्नायूत, डोळ्यात, मेंदूत जाऊन गाठ करून बसते. मेंदूतली गाठ होते ती अशी, दुसऱ्या माणसाच्या विष्ठेतून आलेल्या अंड्यामुळं. क्वचित ज्याच्या पोटात फीत आहे त्याचं स्वतःचंच अंडं त्याच्या तोंडात जातं. आत्याबाईंना हे वाचून दाखवा. आणखी एक, अंडं पोटात गेल्यापासून फिट येईपर्यंत महिने, बहुतेकदा वर्षं जातात. गेल्या महिन्यात मेसमध्ये काय खाल्लं हे विचारून काही हाती लागणार नाही.

गोळीचं म्हणाल तर स्वतःच्या मनानं अजिबात देऊ नका.

उसाचा_ट्रॅक्टर_विटा

दादा, मला २०१६ ला झालंय हे. आज मी धडधाकट हाय, म्हणून आधी पोरीला सांगा, घाबरू नको.

गोळीबद्दल ताई बोलल्या ते का, ते माझ्यावरनं सांगतो. मला पहिल्यांदा एकानं नुसती जंताची गोळी, अल्बेंडाझोल, लिहून दिली. तिसऱ्या दिवशी डोकं असं ठणकायला लागलं की भिंतीवर आपटावं वाटत होतं, आणि वर दोन फिट. मिरजेच्या डॉक्टरांनी मग नीट समजावलं. अळी जिवंत असते तोवर ती शरीराला पत्ता लागू देत नाही. ती मरायला लागली की भोवती सूज येते, फिट येतात त्या सुजेनं. गोळीनं अळी झपाट्यानं मरते, सूज आणखी वाढते. म्हणून आधी सूज उतरवायचं स्टेरॉइड, मग जंताची गोळी, आणि फिटची गोळी पहिल्या दिवसापासून. त्याआधी डोळ्याच्या डॉक्टरकडं पाठवलं, डोळ्याच्या आत अळी असली आणि ती तिथं मेली तर नजर जाते म्हणून. गाठी खूप असल्या आणि मेंदूला सूज असली तर ही गोळी देतच नाहीत. गाठ वाळून चुन्यासारखी झाली असली तरी जंताची गोळी लागत नाही, फिटचीच चालू ठेवतात.

माझी एकच होती. वजनाप्रमाणं गोळी, किलोला १५ मिलिग्राम रोज, दोन वेळांत वाटून, १४ दिवस. सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय, तोवर गाठ गेलेली. मग मीच शहाणपणा केला, बरं वाटतंय म्हणून फिटची गोळी बंद केली. महिन्याभरात ट्रॅक्टरवरनं पडलो. नशीब, तेव्हा रिकामी ट्रॉली उभी होती. पोरीला गोळी बंद करू देऊ नका, डॉक्टर सांगतील तोवर. गाडी नको, विहिरीत न् कृष्णेत पोहणं नको, चुलीपुढं एकटीनं बसणं नको.

आणि तो चमचा! माझ्या बायकोनं माझ्या दातात घातलेला, दोन दात गेले. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवायचं, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेलं तर १०८. तोंडात काही घालायचं नाही, कांदा नाही, चप्पल नाही.

डॉक्टरांचं नाव खासगी निरोपात पाठवतो, इथं नको. पैशाची अडचण असली तर मिरजेच्या सरकारी मेडिकल कॉलेजात मेडिसिनच्या ओपीडीत सकाळी लवकर जावा, रेशनकार्ड-आधार न्या आणि फुले योजनेत काय बसतंय ते आरोग्यमित्राला विचारा.

तासगावची_मावशी

माझ्या नणंदेला झालं तेव्हा डॉक्टरच म्हणाले होते, कोबी खाऊ नका, कोबीच्या पानातली अळी मेंदूत जाते. आम्ही तेव्हापासून कोबी घरात आणत नाही. पोरीचा कोबी बंद करा.

मिरजेची_लॅबवाली

मावशी, हे मी रोज ऐकते. पानात दिसते ती हिरवी अळी फुलपाखराची किंवा पतंगाची. चुकून शिजलीच तर पचून जाते, तिचा मेंदूशी काही संबंध नाही. मेंदूत जाते ती ज्या अंड्यातून निघते, ते अंडं डोळ्याला दिसत नाही. घाण पाणी लागलं तर ते कोथिंबिरीवर, मेथीवर, मुळ्यावर, गाजरावर, कुठंही चिकटू शकतं. कोबी सोडून काकडी न धुता खाल्ली तर काय मिळवलं? कोबी आणा, वरची पानं काढा, वाहत्या पाण्याखाली पान न् पान धुवा, शिजवा. शिजवल्यावर अंडं मरतं. कच्च्या पालेभाजीची खरी काळजी, त्यातही ओढ्याकाठच्या मळ्यातली असेल तर. आमच्या भागात नाल्याच्या पाण्यावर भाजी पिकते हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

दादा, घरातल्या सगळ्यांची आणि मेसच्या स्वयंपाक्याची शौच तपासणी करून घ्या. अंडी रोज पडतातच असं नाही, म्हणून वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने. सूक्ष्मदर्शकाखाली डुकराच्या आणि गाईच्या फीतकृमीची अंडी सारखीच दिसतात, तेव्हा अंडी सापडली की डॉक्टर उपचार देतात. निक्लोसामाइड किंवा प्राझिक्वान्टेल, एकच डोस. तेवढ्यानं एका माणसामागं कितीतरी घरं वाचतात. शाळेत जंतनाशक दिनाला देतात त्या एका गोळीवर मात्र या जंताच्या बाबतीत भरवसा ठेवू नका.

जतचा_वराहपालक

या धाग्यावर लिहू का नको असं झालेलं, पण लिहितो. माझ्याकडं ३० पांढरी यॉर्कशायर डुकरं आहेत, बंदिस्त, सिमेंटच्या शेडमध्ये, पेंड आणि भरडा खातात. लोक माझ्या घरचा चहा टाळतात, पोरांना शाळेत चिडवतात. डुकराला हा रोग आपोआप होत नाही. माणसाची विष्ठा खाल्ली तरच होतो. मोकाट हिंडणारं डुक्कर आणि शेडमधलं डुक्कर यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. गावात प्रत्येकानं संडास वापरला तर या जंताची साखळी तिथंच तुटते.

खाणाऱ्यांना माझं सांगणं, लाल-गुलाबी रंग आत कुठंही राहू देऊ नका. घाईत वरून भाजलेलं, आत कच्चं, असलं सोडा. डीप फ्रीझरात उणे १५ अंशाला तीन दिवस ठेवलं तरी अळी मरते, घरातल्या फ्रिजच्या नुसत्या गारव्यानं नाही. डुकरांसाठी लससुद्धा निघालीय, हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्सची. माझा एवढाच आग्रह आहे, दोष द्यायचा तर उघड्यावरच्या शौचाला द्या. जनावराला आणि आमच्या पोरांना देऊ नका.

पलूसकर_दादा

सगळ्यांचे मनापासून आभार. जतचे भाऊ, तुमचं लिहिणं मी आजोबांना दोनदा वाचून दाखवलं.

काल विट्याच्या दादांनी सांगितलेल्या डॉक्टरांकडं गेलो. एमआरआय काढला. त्यांनी फिल्म खिडकीकडं धरून दाखवली: पांढरी कडी, आणि कडीच्या आत मोहरीहून बारका ठिपका. म्हणाले, हा ठिपका म्हणजे अळीचं डोकं, टीबीच्या गाठीत असा दिसत नाही. टीबीच्या गाठी बहुधा २० मिलिमीटरच्या वर असतात, मेंदू एका बाजूला ढकलतात. डोळे तपासून झाले, स्वच्छ आहेत. स्टेरॉइड आणि फिटची गोळी चालू झाली, परवापासून अल्बेंडाझोल.

आता आत्यानं नवीन काढलंय, की फिटवाल्या पोरीचं लग्न कायद्यानं टिकत नाही. तेवढं कुणी सांगेल का?

विश्रामबागचा_वकील

पूर्वी हिंदू विवाह कायद्यात फेफऱ्याचा उल्लेख होता. १९९९ च्या दुरुस्तीनं तो काढून टाकला. फिट येते एवढ्यावरून लग्न अवैध ठरत नाही. तिची तर उपचारानं जाणारी गाठ आहे. तिनं बीएस्सी पुरं करावं, बाकीचं नंतर.

पलूसकर_दादा

आत्याला तुमचं उत्तर दाखवलं. बोलली काही नाही, पण रात्री बहिणीच्या उशाशी झोपली. आजोबांनी काल संध्याकाळी अर्धी भाकरी खाल्ली. मेसच्या मावशींशी बोललो, आधी रागावल्या, मग म्हणाल्या, "माझी पण नातवंडं तिथंच जेवतात रे." घरातले सात जण आणि त्या, आठ डब्या झाल्या. लॅबवाल्या ताई, पहिल्या दिवसाच्या डब्या उद्या सकाळी ८ वाजता घेऊन येतो. डब्यांवर नावाबरोबर तारीखही घालायची का?

मिरजेची_लॅबवाली

नाव, वय, तारीख. झाकण घट्ट. या.