कापलं त्याचं सोडा, घुसडलं त्याचं बोला: 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' पुस्तकात आणि पडद्यावर

पानवेडा

पुस्तकावरून सिनेमा निघाला की एकच रडगाणं ऐकू येतं: हे कापलं, ते गाळलं. पीटर जॅक्सनच्या तीन सिनेमांबद्दल (२००१ ते २००३) तर पुस्तकातला टॉम बॉम्बाडिल कुठे गेला म्हणून लोक अजून गळे काढतात. मला बॉम्बाडिलचं सोयरसुतक नाही. हजारेक पानांचा ऐवज सव्वानऊ तासांत बसवायचा तर कुणाला तरी घरी बसावंच लागणार. माझं भांडण जॅक्सनने पदरचं जे घुसडलं त्याच्याशी आहे.

आणि हे माझ्या एकट्याचं खूळ नाही. १९५८ साली पुस्तकाचा लेखक टोल्किन याच्याकडे एक चित्रपटाचा आराखडा आला होता, झिमरमन नावाच्या लेखकाचा. त्यावर त्याने पाठवलेली टिपणं त्याच्या छापील पत्रसंग्रहात आहेत. म्हातारा नुसता पेटलाय. मारामाऱ्याच काय वाढवता, गरुड कुठेही काय आणता, प्रवासाचा काळ आवळता कशाला. त्यातच म्हणतो की एंट (झाडांसारखे दिसणारे जंगलाचे राखणदार) आणि हॉर्नबर्गची लढाई (आपण जिला हेल्म्स डीप म्हणतो) दोन्ही नीट दाखवता येत नसतील तर एक काढा, आणि काढायची ती लढाई, कारण मुख्य कथेत ती दुय्यम आहे.

जॅक्सनने नेमकं उलटं केलं. एका प्रकरणाची लढाई आख्ख्या दुसऱ्या भागाचा कळस झाली. मदतीला हाल्दिरबरोबर एल्फांची पलटण आली, जी पुस्तकात तिकडे फिरकतही नाही. आणि एंट? पुस्तकात ते तीन दिवस सभा भरवतात आणि आपण होऊन आयसेनगार्ड या शत्रूच्या गडावर चालून जातात. सिनेमात आधी 'आमचं हे युद्ध नव्हे' म्हणून हात झटकतात. मग पिपिन हा हॉबिट (बुटक्या जमातीतला) ट्रीबीअर्ड या म्होरक्या एंटला वाट वाकडी करून तोडलेली झाडं दाखवतो, तेव्हा स्वारी भडकते. अहो, तो त्या जंगलाचा राखणदार! त्याच्या दारची झाडं पडली हे त्याला एका पोरसवदा हॉबिटने सांगायचं?

फॅरामिरचं तर काय बोलावं. (सॉरॉन या शत्रूची जादूची अंगठी नष्ट करायला फ्रोडो आणि सॅम हे दोन हॉबिट निघालेत, वाटेत त्यांना हा सरदार भेटतो.) पुस्तकातला फॅरामिर म्हणतो, ही वस्तू रस्त्यात पडलेली दिसली तरी मी उचलणार नाही. अंगठी समोर आल्यावरही शब्दाला जागतो, फ्रोडो-सॅमला शिधा देऊन वाटेला लावतो. सिनेमातला त्यांना कैदी करून ऑस्गिलिआथपर्यंत फरफटत नेतो. भला माणूस दाखवायला इतकं भ्यायचं कशाला?

कातरवाली

पानवेडासाहेब, पोटापाण्यासाठी मी कापाकापीच करते (व्हिडिओ संकलन), तेव्हा जॅक्सनची बाजू मी घेते.

तुमचा फॅरामिर जसाच्या तसा आणला असता तर दुसरा भाग बसला असता. पहिला आख्खा भाग प्रेक्षकाला एकच गोष्ट ठसवतो, की ही अंगठी भल्याभल्यांना नासवते. गॅन्डाल्फ हा जादूगार तिला हात लावत नाही. गालाद्रिएल क्षणभर डगमगते. फॅरामिरचा भाऊ बोरोमिर तर जिवानिशी जातो. आणि मग एक तरुण येतो आणि म्हणतो, मला नको, जा बाबांनो. वाचताना टोल्किन त्याला दोन प्रकरणं देतो, तो कसा बोलतो, आपल्या देशाच्या पडत्या काळाबद्दल त्याला काय वाटतं ते कळतं, म्हणून पटतं. पडद्यावर एवढी उसंत नसते. त्यातून शेलॉब या राक्षसी कोळिणीची गुहा तिसऱ्या भागात ढकललेली. फ्रोडोच्या वाटेला दुसऱ्या भागात काहीतरी पेच नको?

घुसडलेलं सगळंच वाईट म्हणता, तर डोंगरावरच्या इशाऱ्याच्या जाळांचं बोला. पुस्तकात गॅन्डाल्फ आणि पिपिन रात्री घोड्यावरून जाताना ते जाळ दिसतात, गॅन्डाल्फ नावं मोजतो, संपलं. सिनेमात मिनास तिरिथ या राजधानीपासून एकेक शिखर पेटत जातं, न्यूझीलंडचे ते बर्फाचे कडे, हॉवर्ड शोरचं संगीत, आणि शेवटी ॲरागॉर्न धावत रोहानचा राजा थिओडेन याच्यासमोर येतो. माणसं थिएटरात खुर्चीच्या कडेला आली होती. हे पुस्तकाला जमण्यातलं नाही, आणि ते जमवणं पुस्तकाचं कामही नाही.

काळा_चहा

जोडाजोडीबद्दल बोलताय आणि 'हॉबिट'चं नाव नाही? कमाल आहे. १९३७ चं पोरांसाठी लिहिलेलं तीनशे पानांचं पुस्तक, त्याचे आधी दोन सिनेमे करणार होते, २०१२ च्या जुलैत म्हणाले तीन. झाले जवळजवळ आठ तास. टॉरिएल पदरची, लेगोलस 'रिंग्ज'मधून उसना. शेवटच्या लढाईत पुस्तकातल्या नायकाच्या, बिल्बोच्या, डोक्यात दगड बसतो आणि तो जागा होईतो सगळं आटोपलेलं असतं. माझ्या मते ही टोल्किनची सगळ्यात शहाणी कापाकापी. सिनेमात ती लढाई संपता संपत नाही.

कोड्यांचा प्रसंग मात्र झकास. बिल्बो, गॉलम, अंधार, बास.

पानवेडा

कातरवालीताई, जाळांचं उदाहरण तुम्ही माझ्याच पारड्यात टाकलंत. ते जाळ पुस्तकात आहेत, जॅक्सनने फुलवले, खुशाल फुलवावेत. पण पेटवतो कोण? पुस्तकात ते डेनेथॉरच्या हुकमाने पेटलेले आहेत. रोहानला लाल बाण देऊन स्वारही त्यानेच धाडलेला आहे. सिनेमात तो मदत मागायलाच नकार देतो, म्हणून पिपिनला चोरून वर चढावं लागतं. म्हणजे तेवढ्या देखण्या दृश्यासाठी एक करारी, अभिमानी, पालांतिरच्या जादूई गोळ्यात बघून बघून खचलेला राज्यपाल बळी दिला. उरला कोण, तर टोमॅटो चावताना हनुवटीवर रस गाळणारा खडूस. प्रसंग मोठा करा, माणूस का लहान करता?

फुरसुंगीकर

तुमच्या मध्य-भूमीत मला फार गती नाही, पण धाग्याचा विषय आमच्या गावाला लागू आहे. भा. रा. भागवतांचा बन्या फेणे फुरसुंगीचा शाळकरी पोर. पुण्यात विद्याभवनात शिकणारा, काडीपैलवान, सायकल आणि 'ट्टॉक'. २०१७ च्या सिनेमात तो अमेय वाघ झाला, वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला आलेला तरणाबांड गडी, आणि लागला खुनाच्या मागावर. पानवेडांच्या हिशेबाने हा तर गुन्हाच. पण मला सिनेमा आवडला. चुकीचं काही दिसलं की स्वस्थ न बसणारा फेणे तिथे होता, दिलीप प्रभावळकर खुद्द भागवत म्हणून होते, आणि गिरीश कुलकर्णींचा खलनायक तर भागवतांच्या कुठल्याही बदमाशाला भारी. कॉलेजातली पोरं पुस्तकातल्या फेणेसाठी तिकीट काढणार होती का?

काळा_चहा

@फुरसुंगीकर, भाऊ, सिनेमा चांगला होता, फेणे नव्हता. दहा-बारा वर्षांच्या पोराने मोठ्यांना गुंगारा द्यायचा, यात सगळी गंमत. मोठ्या माणसाने गुन्हेगार पकडला तर ती पोलीसकथा. माझ्या भाचीला दाखवायला नेलं, तर तिला पुस्तकातलं काहीच ओळखू येईना.

फुरसुंगीकर

तिला आवडला की नाही ते सांगा.

काळा_चहा

आवडला. तो मुद्दा नाही.

रात्रपाळी

मूळ विषयाकडे. पात्रांपेक्षा मोठा घोटाळा रचनेत आहे, त्याबद्दल कुणीच बोलत नाही. टोल्किन फ्रोडो-सॅमची वाट आणि बाकीच्यांची लढाई वेगवेगळ्या खंडांत सांगतो. फ्रोडो शत्रूच्या हाती जिवंत सापडला, इथे एक खंड संपतो. पुढचा आख्खा खंड त्याची काही खबर नाही. मग काळ्या दरवाजासमोर सॉरॉनचा दूत येतो आणि फ्रोडोचं मिथ्रिलचं चिलखत काढून दाखवतो. सॅमने त्याला सोडवलं हे ॲरागॉर्नला माहीत नाही, गॅन्डाल्फला नाही, आणि वाचकालाही नाही. मी रात्रपाळीत हे पान वाचलं होतं आणि पुढे काम सुधरेना. जॅक्सन दोन्ही वाटा आलटून पालटून दाखवतो, त्यामुळे दूत येईपर्यंत फ्रोडो सुटलाय हे आपल्याला ठाऊक असतं. प्रसंगातली हवाच गेली. थिएटरातल्या आवृत्तीत तो नव्हताच, लांबवलेल्या आवृत्तीत आहे, आणि तिथे तो लोंबकळतो.

कातरवाली

रात्रपाळी, मुद्दा बिनतोड आहे, पण पर्याय सांगा. तास-दीड तास फ्रोडो पडद्यावर आणायचाच नाही? ज्याच्या गळ्यात अंगठी आहे त्यालाच? वाचक पुस्तक मिटून चहा पिऊन येतो, प्रेक्षक अंधारात बसलेला असतो. आलटून पालटून दाखवल्याने एक धक्का गेला, पण सॅम फ्रोडोला पाठीवर घेऊन डोंगर चढतो आणि त्याच वेळी खाली सैन्य त्यांच्यासाठी मरायला उभं आहे, हे एकत्र दिसलं. टोल्किनला ते शंभर पानं आधी-मागे सांगावं लागतं.

पानवेडा

डोंगरावर पोचलोच आहोत तर गॉलम, अंगठीचा आधीचा मालक. पुस्तकात तो अंगठी मिळाल्याच्या आनंदात नाचता नाचता स्वतःच तोल जाऊन पडतो. फ्रोडो हरलेला आहे, जिंकतं ते पूर्वी बिल्बोने आणि फ्रोडोने त्याला दिलेलं जीवदान. सिनेमात फ्रोडो उठून त्याच्यावर झडप घालतो, झटापट होते, दोघे कडेला जातात. शेवटी हाणामारी पाहिजेच.

कातरवाली

नाचता नाचता पडलेला गॉलम पडद्यावर दाखवा आणि बघा, अर्ध्या थिएटरात हशा पिकेल.

रात्रपाळी

पण मग बिल्बोची दया कित्येकांचं भवितव्य ठरवेल, हे गॅन्डाल्फचं बोलणं सिनेमात ठेवलं कशाला? पुस्तकात ते फ्रोडोच्या घरी होतं. जॅक्सनने मोरियाच्या खाणीतल्या अंधारात नेलं, गॉलम खाली घुटमळत असताना. तिथे ते पुस्तकापेक्षा जास्त लागतं, हेही सांगतो. एवढी पेरणी करून फळाच्या वेळी झटापट?

कातरवाली

दया केली नसती तर झटापटीला गॉलम उरला असता का?

पानवेडा

उरला नसता. पण झटापट झाली नसती तरी तो पडलाच असता, टोल्किनने पाडलाय ना.